ट्रम्पेट जरा कमी

पहिल्याच दिवशी तो स्टुडिओच्या दारात तिच्यावर आदळला, तोही सॅक्सोफोनच्या पेटीसकट. तिच्या हातातली कॉफी त्याच्या बाहीवर सांडली.

"सॉरी हं," तो म्हणाला आणि मेल्याने चक्क बाही चाटली! "पण कॉफी मस्त झालीये."

झालं. बाईसाहेब तिथेच गारद.

ती रेकॉर्डिंग करायची. काचेमागे बसून सगळ्यांना इतकी दटावायची, की बँडने तिचं नावच मास्तरीण ठेवलं होतं. बँड 'सोल' नावाचं अमेरिकन ढंगाचं संगीत वाजवणारा, पण गायक नाहीच, नुसती वाद्यं. पहिलावहिला अल्बम होता. सगळ्यांनी एकाच खोलीत, एकदम वाजवायचं आणि कोणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून, असा त्यांचा हट्ट.

आणि त्याच खोलीत ती ट्रम्पेटवाली होती.

उंच, हसरी, आणि वाजवायची तर असं, की ऐकत राहावं. सॅक्सोफोनवाल्याला अगदी खेटून उभी राहायची. मधूनच त्याला कोपराने ढोसायची. तो लाल व्हायचा, ती हसायची. काचेमागे मास्तरणीच्या अंगाचा तिळपापड! एवढी मोठी खोली, हिला उभं राहायला तीच जागा सापडली? बरं, बाई वाईट म्हणावी तर तसंही नाही. रोज आठवणीने मास्तरणीसाठी बिस्किटं आणायची. त्यामुळे धड भांडताही येईना.

रेकॉर्डिंग संपलं. आता सगळ्या वाद्यांचे आवाज एकमेकांशी जुळवायचे होते. चार वाजता बँड ऐकायला येणार आणि तिथून अल्बम थेट छापायला जाणार.

मास्तरीण सकाळी एकटीच बसली. तिने ट्रम्पेट किंचित कमी केला. बरं वाटलं. आणखी थोडा कमी केला... आणखी बरं वाटलं. दुपारपर्यंत ट्रम्पेट शेजारच्या घरात वाजत असल्यासारखा ऐकू येऊ लागला.

तीनलाच सॅक्सोफोनवाला टपकला. "ऐकव ना जरा," म्हणत हेडफोन लावून बसला. हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

"माझ्यावर रागावलीयेस का गं?"

"तुझ्यावर? छे! का?"

"मग माझा सॅक्सोफोन असा तापातून उठल्यासारखा का वाजतोय?"

मास्तरणीने कपाळावर हात मारला. दोघं खेटून उभी होती! ट्रम्पेटच्या माइकमध्ये निम्मा सॅक्सोफोन शिरला होता. तिला दाबायला गेली, नि हाही दबला. अशी चूक नवशिक्याने केली असती तर हिनेच त्याला घरी पाठवलं असतं.

"मी... ट्रम्पेट कमी केला होता."

"का?"

"फार पुढे पुढे करत होता."

"ट्रम्पेट?"

"ट्रम्पेट नाही रे, ती! सारखी तुला कोपरं मारते, तू लाजतोस — मला काय डोळे नाहीत?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

तो खो खो हसत सुटला. "अगं, ती मला झापत असते! माझं लक्ष काचेकडे गेलं की मी सुरुवात चुकतो, आणि चुकलो की बसलंच कोपर. बरगडी काळीनिळी झालीये माझी!"

"काचेकडे... काय आहे एवढं?"

"एक मास्तरीण आहे."

तिचे कान तापले. "मग तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"तोंडात सॅक्सोफोन होता ना."

"आत्ता नाहीये."

"नाहीये..." त्याने हेडफोन काढून ठेवला. हसू पळालं होतं. "तू आवडतेस मला. फार. आता तुला जे काही कमीजास्त करायचंय ते कर."

"मलाही तू... शी, मला नाही असं बोलता येत!" ती म्हणाली आणि तिने त्याचा हात घट्ट धरला. दुसऱ्या हाताने ट्रम्पेट वर चढवला, चांगला ठणठणीत.

चारला सगळा बँड आला. पहिली धून संपली तशी ट्रम्पेटवालीने कपाळाला आठ्या घातल्या.

"मास्तरीण, माझा ट्रम्पेट जरा जास्तच होत नाहीये?"

"होऊ दे," मास्तरीण म्हणाली. "या अल्बममध्ये सगळ्यात जास्त मेहनत तुझ्या कोपराने केलीये."