सीलबंद नमुना

प्रयोगशाळेची लिफ्ट बंद होती आणि तिच्या हातात काचेच्या फ्लास्कनी भरलेलं खोकं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खोक्याची एक बाजू एकदम हलकी झाली. पलीकडून कोणीतरी हात लावला होता. खोक्यावरून फक्त दोन डोळे दिसत होते... आणि ते हसत होते.

"सोडा, मी नेते," ती म्हणाली.

"सोडलं तर फुटेल. मग आयुष्यभर मला नावं ठेवाल."

"आयुष्यभर? एवढा वेळ कोणाकडे आहे?"

"मग निदान चौथ्या मजल्यापर्यंत तरी ठेवा."

बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याच्या केसांवरचे थेंब अजून ओघळले नव्हते. चौथ्या मजल्यावर खोकं टेबलावर ठेवून तो गेला, आणि ती उगाचच फ्लास्क पुन्हा पुसत बसली. आधीच स्वच्छ असलेले.

थोड्या वेळानं साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. समोर तोच बसला होता. साहेबांनी ओळख करून दिली: हा पावडर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस, स्वतः केमिस्ट. चाचणी होईपर्यंत इथंच बसणार, सगळं डोळ्यांनी पाहणार आणि शेवटी अहवालावर सही करणार.

तिचं हसू तिथल्या तिथं आटलं.

पावडर पिकांवर मारायची, कीड मारणारी. ती पाण्यात किती विरघळते एवढंच त्यांच्या प्रयोगशाळेनं सांगायचं होतं. कमी विरघळली तर पानांवर टिकून राहणार. जास्त विरघळली तर पावसाबरोबर जमिनीत झिरपून लोकांच्या पिण्याच्या पाण्यात उतरणार, आणि मग ती विकायची दोन वर्षांची तात्पुरती परवानगी पुढं वाढणार नव्हती. अशा वेळी कंपनीचा माणूस जिन्यात भेटतो, खोकं उचलतो, गोड बोलतो... हे सगळं काय सहज होतं?

प्रयोगशाळेत तिला चाळणी म्हणत. चहा ताजा आहे असं कोणी सांगितलं तरी ती आधी कप नाकाशी नेऊन बघायची. त्याचं नाव तिनंच पाडलं, 'कंपनी'. घरी वहिनीला सगळी हकीकत सांगितली तेव्हा वहिनीनं एवढंच विचारलं, की दिसायला कसा आहे.

"त्याचा इथं काय संबंध?" ती फणकारली.

"नाही, सहज," वहिनी म्हणाली आणि कणीक मळू लागली.

काम सुरू झालं. फ्लास्कमध्ये पाणी घ्यायचं, त्यात विरघळेल त्याहून जास्तच पावडर टाकायची, आणि तो गरम पाण्याच्या टाकीत एका ठरावीक तापमानावर हलत ठेवायचा. मग न विरघळलेला गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी गाळून घ्यायचं आणि त्यात किती पावडर उतरली ते मोजायचं. तो शेजारी स्टुलावर बसून पाहायचा. फ्लास्कपेक्षा तिच्या हातांकडेच जास्त पाहतो, असं तिला वाटायचं.

"तुम्ही पाणी ओतताना श्वास रोखता," एकदा तो म्हणाला.

"तुम्ही माझे श्वास मोजायला आलात?"

"नाही... पण मोजले गेले."

तिचे कान तापले. लगेच मनात आलं, हा कशावरून तरी लक्ष उडवायला बघतोय. तिनं टाकीचं तापमान पुन्हा तपासलं. बरोबर होतं.

पहिला आकडा आला तो मर्यादेच्या आत, अगदी ऐटीत आत. साहेब खूश झाले. तिला वाटलं, आता कंपनीही खूश होईल. पण त्याचा चेहरा उतरला. तो तिच्याकडे असा रोखून पाहू लागला, जशी तीच चोर. नंतर चहा पितानाही त्याची नजर त्या आकड्यावरच होती. नेहमीची थट्टा नाही, काही नाही. तिला चैन पडेना. आपल्याला त्या थट्टेची सवय झाली आहे हे कळलं तेव्हा तर तिला स्वतःचाच संशय यायला लागला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती डबा खायला खाली गेली, चमचा विसरला म्हणून परत आली, आणि दाराच्या काचेपाशी थबकली. आत तो एकटाच होता. खिशातून कागदाची पुडी काढून तो एका फ्लास्कमध्ये पावडर टाकत होता. मग त्यानं तो फ्लास्क टाकीत, तिच्या फ्लास्कच्या मागं, दडवून ठेवला.

म्हणजे संशय खरा होता. खरा ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण डोळ्यांत पाणी का आलं ते तिला कळेना.

ती कोणाला बोलली नाही. पुढच्या दिवशी तो यायच्या आत तिनं तो दडवलेला फ्लास्क काढला, पाणी गाळलं आणि मोजलं. आकडा पाहून ती चक्रावली. मर्यादेच्या कितीतरी वर! पण कंपनीच्या माणसाला आकडा कमी हवा असणार. मग हा वाढवतोय कशाला? आपल्याला खोटं पाडायला?

तो आला तशी ती त्याला गच्चीवर घेऊन गेली. पाऊस थांबला होता, कठड्यावरून पाणी निथळत होतं.

"पुडीत काय होतं?" तिनं सरळ विचारलं.

त्यानं आधी गच्चीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "दुकानात विकतात ती पावडर. आमचीच. तुमच्याकडे आलेला सीलबंद नमुना वेगळा आहे. विकायच्या पावडरीत ती पाण्यात झटकन विरघळावी म्हणून काहीतरी मिसळतात. नमुन्यात ते नाही."

"आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तुमचा आकडा इतका सोयीचा आला... साहेबांची आणि आमच्या मालकांची दोस्ती मला माहीत आहे. वाटलं, नमुना वेगळा आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे, तुम्हीही विकल्या गेलात."

"मी?" तिला हसावं की रडावं कळेना. "मी तुम्हाला विकलेला समजत होते."

"जिन्यातसुद्धा?"

"जिन्यात... नाही," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

त्यानं नोकरी पणाला का लावली, हेही तिनं विचारलं. "आहे एक कारण," एवढंच तो म्हणाला, आणि तिच्या मनात पुन्हा खुट्ट झालं. म्हणून त्याच्या पुडीवरही तिनं विश्वास ठेवला नाही. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या, त्यानं कधी पाहिलंही नसेल अशा दुकानातून तिनं स्वतः पाकीट आणलं आणि चाचणी पुन्हा केली. आकडा तसाच आला, मर्यादेच्या वर.

साहेबांना ते आवडलं नाही. सीलबंद नमुन्याचं काम सांगितलं होतं, दुकानातल्या मालाचं नाही, असं त्यांनी बजावून पाहिलं. ती हटली नाही. दोन्ही आकडे अहवालात जातील, नाहीतर आपण सही करणार नाही, असं तिनं शांतपणे सांगितलं. मग अहवाल त्याच्यासमोर आला. त्यानं पेन उघडलं तेव्हा ती त्याच्या हाताकडे पाहत होती. आता मागं हटेल, आत्ता हटेल... त्यानं सही केली, पेन मिटलं आणि तिच्याकडे न पाहता निघून गेला.

पावडरीची परवानगी वाढवून मिळाली नाही. त्याची नोकरी गेल्याचं तिला इतरांकडूनच कळलं. त्याचा फोन लागेना. दिवसांमागून दिवस गेले. तिच्या मनानं पुन्हा उलटसुलट खेळ मांडला. काम झालं, आता मी कोण? की दुसऱ्या कंपनीनंच त्याला पेरलं होतं? घरी ती धड जेवत नव्हती.

"जाऊ दे, सोड त्याचा नाद," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली.

"नाद होता हे तरी कबूल केलंस," वहिनी म्हणाली आणि तिच्या पानात आणखी भात वाढला.

एका दुपारी फाटकावरच्या रखवालदारानं वर निरोप पाठवला, कोणीतरी पाणी तपासायला घेऊन आलंय. ती खाली आली. तो उभा होता. उन्हानं रापलेला, दाढी वाढलेली, हातात पाण्यानं भरलेली बाटली.

गावी होतो, तिथं फोनला रेंज नाही, असं तो म्हणाला. घराला लागून विहीर आहे आणि भोवती सगळी शेतं. दोन वर्षं सगळे तीच पावडर मारतायत आणि आई त्याच विहिरीचं पाणी पितेय. तेव्हा विचारलं होतंत ते कारण हे. सांगितलं असतं, तर घरच्यांसाठी आकडा फिरवतोय असं तुम्हाला वाटलं असतं.

"वाटलंच असतं," ती म्हणाली. तिनं बाटली उजेडात धरली. तळाशी लालसर काहीतरी होतं. "ही कशाची बाटली आहे?"

"सरबताची."

"धुतली होती?"

"विसरलो."

"असा नमुना चालत नाही. स्वच्छ बाटल्या नेऊन विहिरीवर तपासणाऱ्यानंच भरावा लागतो." ती थांबली. तिनं डोळे बारीक केले. "तुम्ही केमिस्ट आहात. तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

तो जमिनीकडे पाहत हसला... चोरी पकडली गेल्यासारखा.

"माहीत होतं," तो म्हणाला. "आईला सांगून आलोय, तपासणारी घेऊन येतो म्हणून."

तिनं बाटलीतलं पाणी फाटकाशी ओतून दिलं. मग साहेबांकडे रजा मागायला जिना चढू लागली, आणि तो खालून हाक मारून विचारत होता, किती दिवसांची.

"ते तुमची आई ठरवेल," ती म्हणाली.