बादलची चावी

सन दोन हजार चोवीसचा वैशाख. पैनगंगेकाठच्या तांड्यावर ऊन असं पेटलं होतं की दुपारी कुत्रीही भुंकत नव्हती. उमरखेडहून सकाळची एसटी येऊन गेली की सडकेवर काही हलत नसे.

फुलसिंग तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख. त्याचं दुपारचं काम ठरलेलं. टिनाच्या खोलीवर पोती अंथरली होती, त्यांच्यावर घागरीने पाणी मारायचं. खाली रंजिताचं यंत्र होतं. ते तापू द्यायचं नव्हतं.

रंजिता त्याची नात. पुण्याची नोकरी सोडून घरी आली होती. तांड्यातली पोरं आपापल्या घरी बसून तिच्यासोबत एक प्रोग्राम लिहीत होती. येत्या हंगामात जिनिंग मिलवर कापसाच्या गाड्यांना नंबर देणारा. यंत्र तळहाताएवढं. कोणी लिहिलेलं काम पाठवलं की ते आपणहून बाकीच्या कामाशी जोडायचं, चालवून पाहायचं. चूक निघाली तर लाल दिवा. सगळं ठीक असलं तर हिरवा, आणि घंटेवर एक टोला. घंटा पितळी, फुलसिंगच्या पूर्वजांच्या म्होरक्या बैलाच्या गळ्यातली.

पहिल्यांदा त्याने नाक मुरडलं होतं.

"या डबीसाठी मी पाणी मारू?"

"दादा," रंजिता म्हणाली होती. तांड्यात आज्याला दादाच म्हणतात. "तुमचे पणजोबा बैलांवर मीठ वाहायचे. निघायच्या आधी एक माणूस हरेक गोणीचा दोर ओढून पाहायचा, तुम्हीच सांगता ना? हे तेच करते. गोणी नायकाची असली तरी दोर ओढते."

दुसऱ्या दिवशी पोती फुलसिंगनेच आणली.

आज संध्याकाळपर्यंत काम जिनिंगच्या नागपूरच्या मालकाला पोचवायचं होतं. नाही पोचलं तर काम हातचं जाणार, आणि पोरं पोट भरायला पुण्याला. अडलं होतं एकाच जागी. गर्दी झाली की दोन गाड्यांना एकच नंबर मिळायचा.

तो भाग बादलच्या वाट्याचा होता. बादलही फुलसिंगचा नातू, रंजिताचा चुलत भाऊ. माघात त्याने उमरखेडहून फोन केला होता. "झालं काम. दिवस मावळायच्या आत देतो." मग परतताना नदीवरच्या ठेंगण्या रपट्यावरून मोटरसायकलसकट डोहात पडून गेला. लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत होता. दुरुस्तीवाल्याने आत भरलेला गाळ दाखवून परत केला. फुलसिंगने तो लोखंडी पेटीत ठेवला आणि कुलपाची किल्ली कमरेला बांधली.

यंत्राकडे काम पाठवायला हरेकाची वेगळी चावी असते, अक्षरांची आणि आकड्यांची. चावी ज्याची, नाव त्याचं. बादलची चावी रंजिताने काढली नव्हती. मेलेल्या माणसाच्या नावाचा घास दिवाळीला निखाऱ्यावर पडेपर्यंत त्याचं नाव कुठूनही काढायचं नाही, ही घरची रीत. फुलसिंगनेच तिला बजावलं होतं.

पोती भिजवून फुलसिंग शिडीवरून उतरला. खोलीत पाऊल टाकताच वास आला. गाळाचा. नदी तर खाली पार आटलेली.

दिवा लाल होता.

"कोणाचं काम आलं?"

रंजिताने मान वळवली नाही. "बादलचं..."

"छोरी, अशी थट्टा करत नाहीत."

"ती चावी त्याच्याच लॅपटॉपात होती, दादा. दुसरीकडं कुठंच नाही." तिने सोबत प्रोग्राम लिहिणाऱ्या अंजूला फोन लावला. "अंजू, तू काही पाठवलं का आता?"

"नाही वं, मी तं जेवून राह्यली. काहून?"

रंजिताने फोन ठेवला. दिवा विझला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि पुन्हा लाल झाला.

"दुसऱ्यांदा," ती हळूच म्हणाली.

बादलचं नेहमी असंच असायचं. दोनदा लाल, मग हिरवा. तुझी गोणी दोनदा सुटल्याशिवाय बैल चालत नाही, म्हणून ती त्याला चिडवायची.

फुलसिंग कोपऱ्यातल्या पेटीकडे गेला. पत्रा हाताला भाजत होता. त्याने कुलूप काढलं, झाकण उचललं.

आतून गारवा आला. विहिरीच्या तळाचा असतो तसा. लॅपटॉप उघडा होता. त्याने तो मिटून ठेवला होता. पडदा काळा, मेलेला. बटणांच्या फटींत पाणी होतं.

एक बटण खाली गेलं. वर आलं.

मग दुसरं...

"दादा, काय आहे आत?"

फुलसिंगने झाकण हळूच टेकवलं, झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं तसं. पेटीला पाठ लावून तो जमिनीवर बसला.

"त्याला काम करू दे," तो म्हणाला. "तू इकडं पाहू नको."

तिने पाहिलं नाही. खुर्चीही सोडली नाही. फुलसिंगला नातीचा अभिमान वाटला. पाठीला पेटी गार लागत होती. आत टिकटिक चालू होती, आणि त्याला त्या पोराचाही अभिमान वाटला.

टिकटिक थांबली.

घंटेवर टोला पडला. दिवा हिरवा.

रंजिताने गाड्यांची गर्दी घालून पाहिली. पुन्हा पाहिली. हरेक गाडीला आपला नंबर. तिने काम नागपूरला पाठवलं. उन्हं कलताना मालकाचा फोन आला. काम पसंत होतं.

फुलसिंगने पेटी उघडली. लॅपटॉप मिटलेला होता. वर गाळ वाळून तडकला होता.

"छोरी, काढ त्याची चावी. दिवाळीची वाट नको."

चावी काढायची तर यंत्राच्या फळीवरचा छोटा कीबोर्डच लागायचा. रंजिता उठली. दुपारपासून ती पहिल्यांदाच उठत होती. यंत्रातली चाव्यांची यादी पाहून ती तशीच उभी राहिली.

"दादा... त्याचं नाव नाही इथं."

फुलसिंग जवळ गेला. कीबोर्डवर धूळ होती. धुळीत एका बोटाचा ठसा होता, ओल्या गाळाचा.

त्याने तो पुसला नाही. दारातून बाहेर पाहिलं.

दिवस अजून मावळला नव्हता. बादलचं देणं फिटलं होतं.