नको असलेले आवाज

"तुम्ही माझं गाणं कापलंय, डॉक्टर. आणि मला न विचारता कापलंय!"

इरावती बोडस निर्ध्वनी कक्षाच्या दारातच उभी राहून बोलत होती. आत, आवाज शोषून घेणाऱ्या काळ्या भिंतींच्या मधोमध 'सुस्वर' कंपनीची नवी गाडी उभी होती. चाकणजवळच्या त्या प्रयोगशाळेत इरावती ओरडण्याच्याच तयारीने आली होती. पण त्या खोलीत तिचा राग कापसात गुंडाळल्यासारखा तिच्याच कानांवर येत होता.

"फाइलला आम्ही हातही लावलेला नाही," डॉ. निरंजन कुंटे शांतपणे म्हणाले. गाडीतली ध्वनियंत्रणा त्यांनीच घडवली होती.

इरावती ध्वनिमुद्रक होती. भागीरथीबाई मांद्रेकर ऐंशीच्या घरात असताना त्यांचे शेवटचे गाणे तिने अतिसूक्ष्म पद्धतीने मुद्रित केले होते. इतके बारीक, की तानपुऱ्याच्या तारेवरून बोट सुटण्याचा आवाजही त्यात होता. तार षड्जाला, वरच्या 'सा'ला, जाण्याआधी बाईंचा श्वास अडखळायचा. फाटका, कापरा श्वास, आणि त्यातून वर उठणारा तो स्वर. "हा श्वास काढून टाकू का?" असे एका सहायकाने विचारले, तेव्हा इरावतीने त्याला स्टुडिओबाहेर काढले होते.

गाडीच्या अनावरणासाठी कंपनीने नेमके हेच गाणे निवडले आणि ते ऐकून बघायला इरावतीकडे एक गाडी पाठवली. पहिल्या दिवशी ते ऐकताना तिला गाडी रस्त्याकडेला घ्यावी लागली, डोळ्यांपुढचे दिसेना. आठवड्याभरात तो श्वास नाहीसा झाला. मग त्यापुढची, स्वरावर घसरत चढणारी मींड गेली. काल तर तार षड्जाच्या जागी नुसता तानपुरा वाजत होता. म्हणून आज ती तीच गाडी घेऊन इथे आली होती.

कुंट्यांनी रिकाम्या सीटच्या डोक्याजवळ मायक्रोफोन लावला आणि गाणे सुरू केले. श्वास होता, मींड होती, षड्ज होता. मग त्यांनी इरावतीला सीटवर बसवले आणि तेच गाणे पुन्हा लावले. संगणकाच्या पडद्यावरची आवाजाची रेघ षड्जाच्या जागी सपाट झाली.

"बघा! मी बसले की जातं!"

"हा शमनक आहे," कुंटे म्हणाले. "सीट आणि स्टिअरिंग तुमची नाडी, श्वास, तळहाताचा घाम मोजतात. एखाद्या आवाजाने शरीर अस्वस्थ झालं, की शमनक तो आवाज लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी त्याची चाहूल लागली, की त्याची बरोबर उलटी लहर सोडतो, प्रतिलहर. उंचवटा खड्ड्यात पडला की जमीन सपाट, तसं. चालकाच्या डोक्याभोवती हातभर जागेत तो आवाज उरतच नाही. मागे बसलेल्याला मात्र सगळं ऐकू येतं. हॉर्न, सायरन वगळलेत, सुरक्षेसाठी. बाकी त्रासदायक ते सगळं जातं."

"तो श्वास मला त्रास देत नाही हो! तो ऐकून मला भरून येतं."

"मोजमापात दोन्ही सारखीच दिसतात," कुंटे म्हणाले. "नाडी तशीच वाढते. श्वास तसाच अडतो."

"म्हणजे जे काळजाला जाऊन लागतं, नेमकं तेच तुमचं यंत्र पुसून टाकतं. आणि वर जाहिरात करता, 'गाण्याचा कण न् कण ऐका'!"

"वर्षभर चाचणीच्या गाड्या रस्त्यावर आहेत, इरावतीबाई. एकही तक्रार नाही."

"नसणारच! जे कानावर आलंच नाही त्याची तक्रार कोण करेल?"

"सुधारणा करू," असे काहीसे कुंटे पुटपुटले.

ती गाडी परत चालवायला इरावतीने साफ नकार दिला. पुण्याला सोडतो, असे कुंटे म्हणाले. वाटेत निगडीहून आईला घ्यायचे होते. त्यांच्या स्वतःच्या गाडीतही शमनक होता. त्यांनीच बनवलेला, सगळ्यात जुना.

"आईला पक्षाघात झाला, त्यात वाचा गेली," गाडी चालवता चालवता ते सांगू लागले. "टेलिफोन खात्यात होती ती. खणखणीत आवाज! सुरुवातीला एकेका शब्दासाठी ती इतकी झटायची, की ऐकताना मलाच घाम फुटायचा. रोज उपचारांना नेतो-आणतो, पण हल्ली तिने प्रयत्नच सोडलाय. गाडीत गप्प, आता घरीही गप्प."

कुंट्यांच्या आई, शरयूबाई, उपचार केंद्राच्या दाराशी काठी धरून उभ्या होत्या. इरावतीने त्यांना हात देऊन मागे बसवले आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसली. कुंट्यांनी भागीरथीबाईंचे गाणे लावले. गाडी निघाली.

थोड्या वेळाने शरयूबाई पुढे झुकल्या.

"निरू... आज... मी... वांगी म्हटलं. वांगी!"

शब्द तुटके होते, पण लख्ख होते. कुंटे बोटांनी स्टिअरिंगवर ठेका धरून होते.

"निरू. ऐक ना. वांगी... भरली... करशील?"

उत्तर नाही. शरयूबाई मागे टेकल्या, स्वतःच्या ओठांवरून त्यांनी बोट फिरवले आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, सवय होती. ती पाहून इरावतीच्या अंगाचा भडका उडाला.

"लाज नाही वाटत तुम्हाला? आई बोलताहेत तुमच्याशी! दोनदा!"

इरावतीचा आवाज त्या गाडीला नवा होता. कुंट्यांना तो स्वच्छ ऐकू आला.

"आई? कधी?"

"आत्ता! काकू, पुन्हा म्हणा."

कुंट्यांनी आरशात पाहिले. आईचे ओठ हलत होते. गाणे चालू होते, इरावतीची हलती बांगडीही ऐकू येत होती, आणि आईच्या तोंडातून काहीच बाहेर पडत नव्हते.

त्यांनी गाडी कडेला घेतली. दार उघडून उतरले, मागचे दार उघडले आणि आईसमोर रस्त्यावरच उकिडवे बसले.

"बोल, आई."

शरयूबाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिले. "येतो... ऐकू? माझा आवाज?"

"येतो."

"मग... इतके दिवस?" त्यांचा चेहरा तांबडा झाला. "मला वाटलं... मलाच येतो. केंद्रात... उगाच छान म्हणतात. बाहेर... फुटतच नाही. आवाज. तोंडातून. म्हणून... घरीपण... बंद केलं मी!"

धड असलेला हात उचलून त्यांनी मुलाच्या खांद्यावर फटका मारला. तो लाडाचा नव्हता. कुंट्यांनी तो खाल्ला, आणि आणखी एकाची वाट पाहिल्यासारखे तसेच बसून राहिले.

"तुझा त्रास झाला होता मला," ते शेवटी म्हणाले. "तेवढंच कळलं शमनकाला."

मग ते उठले. अनावरण दुसऱ्या दिवशी होते. त्यांनी कंपनीचे प्रमुख सबनीस यांना फोन लावला आणि इरावतीलाही ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला.

"बोला, कुंटे!" सबनीस खुशीत होते. "घाटात आहे. काय वाजतेय आपली गाडी!"

"सर, उद्याचं अनावरण थांबवा. शमनक माणसांचे आवाज पुसतोय. माझ्या आईचा आवाज पुसला त्याने. आहेत त्या गाड्याही परत बोलवायला लागतील."

"हॅलो?" सबनीस म्हणाले. "कुंटे? बोला ना."

"सर, गाडी थांबवा आणि खाली उतरा!"

"काहीच येत नाहीये. रेंज गेली वाटतं. पण ऐका, उद्या सूट घालून या हं!"

फोन बंद झाला. इरावती संतापाने फोनकडेच बघत राहिली.

"रेंज कसली जाते! इतकं स्वच्छ बोलत होते!"

"ते स्वतः चालवताहेत," कुंटे सावकाश म्हणाले. "वर्षभर प्रत्येक अडचण मी त्यांना गाडीतच फोनवर सांगत आलो. माझा काळजीचा सूर ती गाडी केव्हाच शिकली असणार. तक्रार आली नाही, असं तेही मला सांगायचे. रोज, गाडीतूनच."

"घरी गाठू त्यांना. चला."

कुंट्यांनी गाडीच्या उघड्या दाराकडे पाहिले आणि ते ढकलून बंद केले. "यातून नको."

शरयूबाई काठी टेकत रस्त्याच्या कडेला आल्या. "गाडीतून... उतरेलच की तो... कधीतरी," त्या म्हणाल्या. समोरून वाहने भरधाव जात होती. त्यांनी छातीत श्वास भरून घेतला आणि सगळा राग एकवटून हाक मारली:

"रिक्षा!"

पुढे निघून गेलेली रिक्षा करकचून थांबली.