पाच नंबरच्या आगाऊ नोंदी

मे महिन्यात धुळ्याला भर दुपारी रस्त्यावर दिसणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर एसटीची वाट बघणारा. सुकदेव आबा दुसऱ्या प्रकारातले. शिंदखेड्याकडच्या खेड्यातून पहूरला, लेकीकडे निघाले होते. बसस्टँडवर भोवळ येऊन पडले आणि कुण्या भल्या रिक्षावाल्याने त्यांना आमच्या तातडीच्या विभागात आणून सोडलं. तेव्हा साडेअकरा वाजले होते.

मी भाविका. माहेर जळगावचं, पिंप्राळ्याचं. नोकरी धुळ्याच्या एका खासगी दवाखान्यात, नाव सांगत नाही. नर्सिंगमध्ये चौदा वर्षं झाली आणि हात इतका चपळ की नव्या पोरी माझ्याकडे बघतच राहायच्या. त्याचा मला माजही होता, खोटं कशाला बोलू?

आबांना पाच नंबरच्या खाटेवर घेतलं. ईसीजी काढला, चांगला होता. ऊन लागलंय म्हणून डॉक्टर तेजसनी सलाईन लावलं. खिशातल्या डायरीत लेकीचा नंबर होता, तो मीच फिरवला.

"ताई, मी आत्ताच निघते," कामिनी पलीकडून रडत म्हणाली. "पाचपर्यंत पोचते. तोवर माझ्या आबांकडे बघाल ना?"

"अहो, मी इथेच आहे. अजिबात काळजी करू नका," मी म्हटलं.

आता नोंदींचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. आमच्याकडे कागद केव्हाच बंद झालेत. दर तासाला नाडी, रक्तदाब, ताप, शुद्ध आणि तक्रार हे सगळं कॉम्प्युटरवर भरायचं. वेळेवर भरलं की रकाना हिरवा, उशीर झाला की लाल. लाल दिसला की वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातून फोन. पेशंट कसा आहे ते कुणी विचारायचं नाही, रकाना लाल का ते विचारायचे. मग आम्हीही शहाण्या झालो. वेळ हाताने बदलता यायची, म्हणून जरा उसंत मिळाली की पुढच्या चार-सहा तासांचं एकदमच भरून टाकायचं. सगळ्याच करायच्या. मी तर नाडीचे आकडे जरा मागे-पुढे करायची, म्हणजे खरे वाटतात.

त्या दिवशी एक सिस्टर रजेवर होती. सकाळी आठ ते रात्री आठ मी एकटी, आणि खाटा सहा. बारा वाजता मी आबांच्या एक ते सहाच्या नोंदी भरल्या. ब्याऐंशी, शहाऐंशी, चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, ब्याऐंशी, शहाऐंशी. रुग्ण शुद्धीवर. तक्रार नाही. सहा हिरवे रकाने, काम दोन मिनिटांत खल्लास.

साडेबाराला सुरत रस्त्यावरचा अपघात आला. टेम्पोतली चार माणसं. त्यानंतर अडीच तास मला माझी शुद्ध नव्हती. रक्त, टाके, आरडाओरडा. मध्ये एकदा डॉक्टरांनी टाके घालता घालता विचारलं, "पाच नंबर कसे आहेत?" मी लांबूनच स्क्रीनवर नजर टाकली. "नॉर्मल आहेत, सर." त्यांनीही तिकडे बघितलं, मान हलवली आणि सुईत पुढचा दोरा घेतला.

तीन वाजता विभाग एकदम शांत झाला. जखमींना वर हलवलं होतं. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. कूलरचा घरघराट तेवढा चालू होता आणि त्याच्या वाळ्याचा ओला वास रक्ताच्या वासात मिसळला होता. मी आबांची सलाईन बदलायला गेले.

बाटली अर्ध्यावर थांबली होती. एक थेंब पडत नव्हता. मी नळी सरळ करायला त्यांचा हात उचलला, आणि तो गार लागला. बाहेर चव्वेचाळीस अंश, माझा गाऊन पाठीला चिकटलेला, आणि हा हात रांजणाच्या बुडासारखा गार.

"आबा?"

डोळे उघडेच होते. छताकडे. एक माशी आली आणि उजव्या डोळ्याच्या बुबुळावर बसली. आबांनी पापणी हलवली नाही.

"आबा... कसं वाटतंय?"

"बरा शे, माय," ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले.

मी घाईने नाडी धरली. चौऱ्याऐंशी. रक्तदाब एकशे चोवीस-अठ्ठ्याहत्तर. हायसं वाटलं, आणि टेबलाकडे वळता वळता मी थांबले. तीनच्या रकान्यात मी बाराला लिहिलेले आकडे तेच होते. एकाचाही फरक नाही.

योगायोग म्हणून सोडून द्यावं, असं फार वाटलं. पण चार वाजता पाय आपोआप तिकडे वळले. अठ्ठ्याऐंशी लिहिले होते, अठ्ठ्याऐंशीच लागले. मग मला काय सुचलं कोण जाणे. मी कॉम्प्युटरकडे गेले, चारच्या रकान्यातले अठ्ठ्याऐंशी खोडले आणि शहाण्णव केले. परत आले. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट मोजलं.

शहाण्णव.

छाती मात्र हलत नव्हती. श्वासच नव्हता. मी ईसीजीचं मशीन ओढत आणलं, हातापायांना चिमटे लावले, छातीवर वाट्या बसवल्या. कागद सरसर बाहेर आला आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ. माझ्या दुसऱ्या हाताची बोटं त्यांच्या मनगटावरच होती. तिथे नाडी चालू होती, आणि कागदावर काहीच नव्हतं.

मी ओरडले असेन, कारण मुख्तारभाई धावत आले. आमचे जुने वॉर्डबॉय, जुने म्हणजे माझ्याही आधीचे. त्यांनी रेघ बघितली, आबांकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"एक वाजता. आबा हाका मारत होते. 'छातीमा दुखी ऱ्हायनं' म्हणत होते. घामाने चादर भिजली होती. मी तुमच्याकडे आलो... तुम्ही स्क्रीनकडे बघून म्हणालात, आत्ताच नॉर्मल आलंय, मधे मधे करू नका."

मला आठवलं. शब्द न् शब्द आठवला. माझ्या हातात तेव्हा कुणाचा तरी फाटलेला दंड होता, आणि मी मान वर करून हिरवा रकाना बघितला होता. एक वाजता तिथे गेले असते तर आबा कदाचित वाचले असते. कदाचित कसलं, वाचलेच असते. एक खोली सोडून पलीकडेच सगळी औषधं होती.

डॉक्टर तेजसना बोलावलं. त्यांनी ईसीजी बघितला, स्क्रीन बघितली, पुन्हा ईसीजी बघितला. "लीडची वायर सुटली असणार," ते म्हणाले. "सकाळपासूनचं सगळं व्यवस्थित आहे की." त्यांनी नाडी धरून बघितली. "काय आबा, बरं आहे ना?"

"बरा शे."

"सिस्टर, तुम्ही आधी पाणी प्या. चेहरा बघा तुमचा." आणि ते गेले. सर, हे आकडे माझ्या मनचे आहेत, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. जीभ रेटली नाही. नोकरी गेली असती, पोलीसही आले असते. मी भ्याले, आणि मेलेल्या माणसापेक्षा वरच्या मजल्याला जास्त भ्याले, हे आज कबूल करते.

साडेपाचच्या सुमारास फोन वाजला. कामिनी. बस पारोळ्याजवळ बंद पडली होती, दुसरी मिळाली होती, पण पोचायला पावणेसात तरी होणार होते. "आबा बोलताहेत ना, ताई? मला तेवढं सांगा."

"बोलताहेत," मी म्हटलं. यात खोटं काही नव्हतं.

फोन ठेवला तेव्हा उन्हं कलली होती. खिडकीतून पिवळा पट्टा आबांच्या पायांवर आला होता आणि नखं निळी दिसत होती. ते मला बोटाने जवळ बोलावत होते. मी गेले, वाकले. तोंडाला वास नव्हता, कारण श्वासच नव्हता. पण आवाज येत होता.

"कितला वाजनात?"

"साडेपाच, आबा."

"सा वाजालोंगच लिखेल शे, माय... त्याना पुढे कोरं शे..." ओठ फार कमी हलत होते. "आन मनी पोर ते सातले ई..."

नोंदी सहापर्यंतच होत्या, आणि त्यांची लेक सातला येणार होती. त्यांना कसं कळलं, हा प्रश्नही तेव्हा पडला नाही.

"येक रकाना भरी दे... येकच..."

मी त्यांचा जीव घेतला होता आणि ते माझ्याकडे एक तास मागत होते. सहाला दहा कमी असताना मी बसले आणि सातची नोंद भरली. नाडी चौऱ्याऐंशी. रुग्ण शुद्धीवर. तक्रार नाही. चौदा वर्षांत कुठली नोंद मी इतक्या काळजीने भरली नसेल. मुख्तारभाई दारात उभे राहून बघत होते. त्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलं आणि नजर फिरवली.

सातला वीस कमी असताना कामिनी आली. धुळीने माखलेली, हातात स्टीलचा डबा. येताच तिने त्यांचा हात गालाला लावला.

"हात कितला गार शे, आबा!"

"कूलर शे ना, बेटा," आबा म्हणाले.

मग ती बोलत राहिली आणि ते ऐकत राहिले. धाकटीचं बारावीचं, घराच्या नव्या स्लॅबचं, म्हशीचं. मध्येच ते एखादं "हाव" म्हणायचे. वीस मिनिटं. मी टेबलापाशी बसून घड्याळ बघत होते. सातला एक मिनिट कमी असताना आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, एवढंच. काही मागितलं नाही.

आठचा रकाना समोर कोरा होता. भरला असता तर आणखी एक तास. मग नऊ, मग दहा. पण कुठवर? मी दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले.

सात वाजले.

"आबा?" कामिनी म्हणाली. "आबा... ताई, बघा ना, आबा बोलत नाहीत..."

पुढचं सगळं रीतसर झालं. डॉक्टरांनी छाती दाबली, इंजेक्शनं दिली, सात वाजून पंधरा मिनिटांनी मृत्यू लिहिला. शेवटपर्यंत सगळं व्यवस्थित होतं, अचानक हृदय थांबलं, असं ते कामिनीला सांगत होते, आणि त्यांच्यासमोर सात हिरवे रकाने होते. रात्री मुख्तारभाईंनी आबांना गाडीत चढवलं. कोपरातून वाकलेला हात त्यांना सरळ करता येईना. नुकत्याच गेलेल्या माणसाचा हात असा नसतो, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे मी ठरवलं, सगळं लिहून द्यायचं. होईल ते होवो. मग कुठे झोप लागली. साडेदहाला कामिनीच्या फोनने जाग आली. "नऊला अग्नी दिला, ताई," ती म्हणाली. "तुम्ही होत्या म्हणून शेवटची भेट झाली. तुमचे उपकार..." मी फोन कापला. ते ऐकवत नव्हतं.

दुपारी दोनला कामावर गेले ती सरळ कॉम्प्युटरपाशी. कुठली नोंद खोटी, ते एकेक करून लिहायचं म्हणून आबांची फाईल उघडली.

सातवर नोंदी थांबलेल्या नव्हत्या. मी कोरा सोडलेला आठचा रकाना हिरवा होता. नऊ, दहा, अकरा, रात्रभर, एकही तास न चुकता. भरणाऱ्याच्या जागी माझं नाव. नाडी चौऱ्याऐंशी, रुग्ण शुद्धीवर, तक्रार नाही. गाडीत असताना शुद्धीवर. घरी ओट्यावर ठेवलं होतं तेव्हा शुद्धीवर. आंघोळ घातली तेव्हा शुद्धीवर. मी सरकवत सरकवत सकाळपर्यंत आले.

सकाळी आठ. नाडी चौऱ्याऐंशी, शुद्धीवर, तक्रार नाही.

सकाळी नऊ. नाडी एकशे अडुसष्ट. रुग्ण पूर्ण शुद्धीवर. तक्रार आहे.

त्यापुढे रकाने कोरे होते.