शेवटच्या ओळीतलं नाव

पोलादपूरच्या स्टँडबाहेर मुरारीची मिनिडोअर भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे किती, हे फक्त मुरारीला कळतं. गणपती तोंडावर आलेले. मागच्या बाकड्यावर दीप्ती अंग चोरून बसली होती, पलीकडच्या बाईची परडी तिच्या गुडघ्यावर आणि छताचं पाणी तिच्या मानेवर. तेवढ्यात एक उंचेला तरुण वाकून आत शिरला आणि नसलेल्या जागेत बसला. अंगात एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीचा निळा शर्ट, मांडीवर खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली ढोलकी. स्वतः नखशिखांत भिजलेला, ढोलकी मात्र कोरडी ठणठणीत. असा पुरुष दिसला की बाईच्या मनात यायचं ते येतंच, की हा जपणारा आहे. दीप्तीच्याही आलं. तिनं मान वळवली, पण जरा उशिरानं.

गाडी सुटली, मुरारीनं गाणं लावलं. वरातीत वाजतं तसलं, उडतं. दीप्तीनं ओढणी नाकापर्यंत घेतली, कारण गाणारी तीच होती.

"बंद कर रे मुरारी," तो तरुण म्हणाला. "बाईचा आवाज सोन्यासारखा हाय, पण शब्द? नुसता पेंढा भरलाय."

"तुम्हाला एवढं कळतं का गाण्यातलं?" दीप्तीनं ओढणीआडून विचारलं.

"कळत नाय हो. खुपतं."

हसू दाबताना तिचा जीव गेला. पुढचं गाणं लागलं. ते कुणा नव्या पोरीनं म्हटलेलं, संथ, 'एका इरल्याखाली दोघं, एक-एक खांदा भिजू दे...' आणि ढोलकीवरची त्याची बोटं थांबली. गाणं संपलं. मग म्हणाला, हे नक्की आपल्या बाजूच्या कुणीतरी रचलंय, मुंबईकराला इरलं काय ठाऊक, तो पावसात छत्री उघडून मोकळा.

"मग कोण आहे तो?"

"कुणाला ठाव. यांच्यात नाव सांगत नायत. आमच्या जाखडीच्या नाचगाण्यात कसं, रचणाऱ्याचं नाव शेवटच्या ओळीत गायलाच लागतं. नाव नसलं तर ते गाणं चोरीचं."

कापड्याच्या फाट्यावर दोघं उतरली तेव्हा सर जोरात आली. छत्री दोघांकडेही नव्हती. त्यानं ढोलकी तिच्या हातात दिली, पिशवी उसवून दोघांच्या डोक्यावर धरली, आणि चालता चालता म्हणाला, "ढोलकी भिजता नये. माणसांचं बघू." वाडीत पोचेपर्यंत तिचा डावा खांदा भिजला होता आणि त्याचा उजवा. ही गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली... बोललं मात्र कुणी नाही.

दीप्ती उतरली होती सगुणाआत्याकडे. सगुणाबाई म्हणजे नवऱ्यामागं गुरं, शेत आणि भावकी ही तिन्ही एकाच काठीनं हाकणारी बाई. भाचीला मुंबईत काय झालं ते तिला माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी मांडवामांडवात दीप्तीचा आवाज घुमायचा. मग घशात गाठ आली. डॉक्टरांनी गाठ काढली, ती जाताना वरचे सूर घेऊन गेली आणि मागं घोगरा, खालचा, भिजलेल्या लाकडासारखा आवाज ठेवून गेली. पोर खूप रडली. रडून झाल्यावर लिहायला लागली. तिची गाणी दुसऱ्या पोरी गायच्या, लोक त्या पोरींच्या सह्या घ्यायचे. दीप्ती म्हणायची, मला त्याचं काही वाटत नाही. ज्याला खरंच काही वाटत नाही तो असं सारखं म्हणत बसत नाही.

आता तिच्या जुन्या रेकॉर्ड कंपनीला मोठा कार्यक्रम करायचा होता. दीप्तीनं फक्त नटून उभं राहायचं, जुनी रेकॉर्ड वाजेल, तिनं ओठ हलवायचे. पुन्हा तिचं नाव, पुन्हा तिचं तोंड सगळीकडे. गौरी-गणपती झाले की कळवते, असं सांगून ती इकडे आली होती, आणि इथं तिला विचार सोडून बाकी सगळं सुचत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ढोलकीवाला सगुणाबाईच्या दारात. तालमीला खळं हवं होतं. अश्विन त्याचं नाव, खालच्या आळीतला. बाईंनी खळं दिलं आणि वर ओळखही करून दिली, की ही माझी भाची, मुरारीच्या गाडीत वाजते ती.

अश्विनचा चेहरा पेंढ्यासारखाच झाला. "आवाजाला सोनं म्हटलं होतं मी," तो पुटपुटला.

"ते सोनं मोडलं आता. आणि शब्द माझे नव्हते." दीप्ती जरा थांबली. "इरल्याचे मात्र... माझे."

 सगुणाबाईंनी आतून विचारलं, चहा घेणार की असाच खांबासारखा उभा राहणार, तेव्हा कुठं तो ओट्यावर टेकला.

चहाबरोबर त्यानं आपली अडचण सांगितली. त्याचे गुरू रामजीबुवा यंदा उन्हाळ्यात गेले. गेल्या साली वरच्या वाडीच्या मंडळानं जाखडीत सवाल टाकला होता, मुका असूनही गातो कोण, दुसऱ्याच्या तोंडानं गातो तो कोण? बुवांना खोकल्यानं उत्तर देता आलं नाही. यंदा विसर्जनादिवशी अश्विननं दिलं नाही तर भर सभेत हार मानायची, आणि बुवांची ढोलकी वरच्या वाडीच्या पायाशी ठेवायची. रीतच तशी. बासरी म्हणावं तर वरचे टपूनच बसलेत, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल म्हणून हसायला.

दीप्तीनं कप खाली ठेवला. असा सवाल कुणी तिलाच घातल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. मग तिनं हळूच एक ओळ म्हटली. गायली नाही, म्हटली. त्यानं त्या ओळीवर ढोलकीची थाप दिली. दुसरी ओळ आली. त्या आठवड्यात तो कारखान्यातली पाळी सुटली की थेट खळ्यात यायचा, ती ओळ सांगायची, तो बोटांत धरायचा. एखादा शब्द अडला की दोघं एकाच वेळी वर बघायची आणि एकाच वेळी खाली. सगुणाबाई सुपात तांदूळ पाखडत हे सगळं बघत होत्या. त्या आठवड्यात घरातल्या तांदळात एक खडा राहिला नाही.

गाणं पुरं झालं तेव्हा अश्विननं विचारलं, "शेवटी नाव?"

"तुमचं घाला."

"रचलं तुम्ही."

"मला बिननावाचं राहायची सवय आहे."

त्यानं ढोलकीवर पंजा ठेवून तिचा आवाज बंद केला आणि काही बोलला नाही. त्या गप्प राहण्याला दीप्ती होकार समजली. पुरुष गप्प राहिला म्हणजे त्यानं ऐकलं, ही चूक शिकल्यासवरल्या बायकाही करतात.

विसर्जनाच्या दुपारी देवळापुढं मांडव भरला. पायांत घुंगरं बांधलेली पोरं गोल धरून उभी. वरच्या वाडीनं सवाल पुन्हा टाकला. अश्विन मधे आला, आणि दीप्ती बायकांच्या मागं, खांबाआड.

"बासरी म्हणशील, तिला फुंकर लागते,
ढोलकी म्हणशील, तिला थाप लागते,
गाणं रचतो तो मुका, दाराआड राहतो,
आपुलंच गाणं दुसऱ्या तोंडी ऐकतो..."

 वरच्या वाडीचा म्हातारा शाहीर मान डोलवायला लागला, म्हणजे जिंकलंच. अश्विननं श्वास घेतला.

"कापड्याच्या दीप्तीनं हे गाणं रचिलं,
अश्विन शाहीरानं सभेत गाइलं."

आता इथं झालं असं, की जाखडीच्या शेवटी कधी बाईचं नाव आलेलंच नाही. बुवांचं येतं, गुरूचं येतं. पुरुषाच्या तोंडून चारचौघांत बाईचं नाव, आणि पाठोपाठ स्वतःचं, हे कापड्यानं ऐकलेलं ते फक्त लग्नात.  मग पुढं बसलेली गोदूबाई म्हणाली, "नाव घेतलं गो पोरानं. मांडव घालायच्या आधीच."

हशा पिकला. कुणी कुंकू आणा म्हणालं. वरच्या वाडीचा शाहीर हात जोडून म्हणाला, आम्ही हरलो, पण आता बाईंनी उलटं नाव घेतल्याबिगर मांडव सोडणार नाय. बायकांनी दीप्तीला पुढं ढकललं. म्हणा, गाऊन म्हणा.

तिनं तोंड उघडलं. जुनी खोड, वरचा सूर धरायला गेली, आणि तिथं सूर नव्हता, नुसती हवा होती. ती तशीच वळली आणि चालू लागली.

सगुणाबाईंना ती गोठ्यात सापडली. तिथंच तिनं कंपनीचं सगळं सांगून टाकलं. इथं एक ओळ येत नाही, तिथं निदान ओठ तरी हलवता येतील.

सगुणाबाईंनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "हिचं पारडू मेलं व्हतं, तुला ठाव नाय. पान्हा आटंल म्हणून त्याच्या कातड्यात पेंढा भरून हिच्याम्होरं उभं केलं. चाटायची आणि दूध द्यायची. घरात दूध व्हतं गो... पण मी हिच्या डोळ्याकडं बघायची नाय. शेवटी मीच ते उचलून पुरून आले." त्यांनी शेणाची पाटी उचलली. "तुजं तू ठरव. पण लोकांनी प्रेमानं चाटायचं आणि आत पेंढा, हे मला नाय बघवायचं."

दीप्तीनं गोठ्यातूनच फोन लावला. ओठ हलवायला येणार नाही, असं सांगितलं. गायचं झालं तर आहे त्या आवाजात, खालच्या पट्टीत, आणि गाणी माझी. पलीकडचा माणूस म्हणाला, समोर येऊन बोला, बघू. बघू म्हणजे बहुतेक नाही, हे तिला कळत होतं. तरी परवा येते, असं सांगून तिनं फोन ठेवला.

नदीवर आरती चालली होती. अश्विन गर्दीच्या बाजूला, गुडघाभर पाण्यात उभा. ती काठावर थांबली.

"मी नको म्हटलं होतं."

"चोरीचं गाणं बुवांच्या ढोलकीवर गाता आलं नसतं." तो पाण्याकडे बघत राहिला. "मी नाव घेतलं ते गाण्याचं. लग्नाचं नव्हतं... तुम्ही सांगाल तर तसं गोदूबाईला सांगून येतो."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर..." त्यानं वर बघितलं. "तर मग गोदूबाई खोटं नाय बोलली."

दीप्तीच्या गालावर पाण्याचे शिंतोडे होते, पुसायचं तिला सुचलं नाही. "मला परवा मुंबईला जायचंय," एवढंच ती म्हणाली. हो नाही आणि नाहीही नाही. तो मान हलवून बाजूला झाला. त्यानं काही मागितलं नाही, हेच तिला घरापर्यंत बोचत राहिलं.

तिसऱ्या दिवशी मुरारीच्या गाडीत ती चढली. सगुणाबाईंनी पिशवीत तांदूळ घातले होते, आणि परत ये म्हणायचं सोडून, पिशवी परत आणायची, असं बजावलं होतं. अश्विन पाळीला निघालेला, समोरच्या बाकड्यावर. दोघांचे गुडघे मधल्या पिशवीला टेकलेले. बाहेर भुरभुर.

मुरारीनं मुद्दाम इरल्याचं गाणं लावलं. ते संपलं, तसा अश्विन मोठ्यानं, भरल्या गाडीत, चालीवर म्हणाला, "कापड्याच्या दीप्तीनं हे गाणं रचिलं..." आणि थांबला.

"दुसरी ओळ?" दीप्तीनं विचारलं.

"ती माझी नाय. ती ज्याची त्यानं घ्यायची."

गाडीतली माणसं खाली बघू लागली, म्हणजे कान टवकारून बसली. मुरारीनं पुढचं गाणं बंद केलं. दीप्तीनं श्वास घेतला. वर नाही गेली या वेळी. खाली उतरली, जिथं आवाज अजून होता, घोगरा, ओलसर, तिचा.

"अश्विन शाहीराचं मी नाव घेतलं."

शेवटाला आवाज चिरकला. तिनं तो लपवला नाही. अश्विननं खोकल्याचं निमित्त करून बाहेर बघितलं, पण त्याचा हात पिशवीवर आला, आणि पिशवीवरच तिचा होता.

"बाई," आरशात बघत मुरारी म्हणाला, "हे गाणं मला गाडीत लावायला कधी मिळंल?"

"शब्द बरे आहेत का?" दीप्तीनं समोरच्या बाकड्याकडे बघत विचारलं.

"खुपत नायत," अश्विन म्हणाला.