मयुरीच्या लॉगिनवरचा शोध

यातलं एक अक्षरही वाढवलेलं नाही. वाढवून सांगायला उत्साह लागतो, आणि तो माझ्यात उरलेला नाही.

मी वंदना. जळगाव जामोदच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे.

२८ ऑगस्ट २०२४, बुधवार. दुपारचे दोन. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी वेळ नीट वाचावी.

डेटाबेसमधून शोधनिबंध कसे शोधायचे, ते दरवर्षी मी नव्या मुलांना कॉम्प्युटर लॅबमध्ये शिकवते. त्या दिवशी मुलं एकोणीस होती, त्यांच्यासाठीचे कॉम्प्युटर वीस. त्यांचे लॉगिन अजून आले नव्हते.

मग मी नको ते केलं. मुलांना दिसेल तसंच दाखवायचं म्हणून माझ्या कॉम्प्युटरवर मयुरीचं लॉगिन वापरलं.

मयुरी सोनाळ्याची. शेवटच्या वर्षाला होती. फेब्रुवारीत किडनीच्या आजारानं गेली. आमच्याकडच्या खाऱ्या पाण्यानं किडन्या जातात, असं लोक म्हणतात. लॉगिनच्या यादीतून नाव काढायचं तर फॉर्मवर कारण लिहावं लागतं. तो फॉर्म सहा महिने माझ्या टेबलावर कोरा पडून होता.

तिचा धाकटा भाऊ संघपाल, वय अठरा, त्याच वर्गात पहिल्या रांगेत होता. पडद्यावर नाव येत नाही, नुसता नंबर येतो. त्याला कळणार नाही, असं मी धरून चालले.

त्याचा चेहरा सुजलेला दिसायचा. त्याची आई कलाबाई आदल्या आठवड्यातच मला भेटून गेली होती.

"मॅडम, तुमचं ऐकते तो. तपासून घे म्हणा. एक लेकरू गेलं माहं."

मी त्याला विचारलं होतं. तो हसला.

"मले काय धाड भरली मॅडम? झोप नाही झाली म्हून सुजलं."

मी विषय सोडून दिला.

तर तास सुरू झाला. "हात मांडीवर. कीबोर्डला कोणी हात लावायचा नाही. फक्त पडद्याकडे बघा." माझी ही पद्धतच आहे.

मी 'सोयाबीन' शोधून दाखवलं. ढीगभर निबंध आले. "आता गाळायचं," म्हणत दुसरा शब्द जोडला, 'रोग'. मग वर्षाचं फिल्टर लावलं.

तेवढ्यात... टक्. टक् टक्.

मागून कीबोर्डचा आवाज.

"मुजम्मिल, काय चाललंय?"

"मी नाही हो मॅडम. हे पाहा हात."

एकोणीस जणांचे हात मांडीवर होते. विसावा कॉम्प्युटर बंद होता... पण त्याच्यासमोरची खुर्ची बाहेर ओढलेली होती.

मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. मी पुढचं शिकवायला घेतलं. "आपले आधीचे शोध इथे जपलेले असतात," म्हणत ती यादी उघडली.

सगळ्यात वर 'सोयाबीन, रोग' असायला हवं होतं.

वर होतं... 'किडनीचा आजार'. वेळ दोन वाजून सतरा मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळातही तेच.

टक् टक् टक्...

'किडनीचा आजार, खारं पाणी'.

मी नुकतंच शिकवलं होतं तसंच. एक शब्द जोडून.

पुन्हा आवाज. आता फिल्टर लागलं... 'पुरुष'. मग... 'वय अठरा'. मग एक शब्द वाढला... 'चेहऱ्यावर सूज'.

मुलांना वाटलं, मीच शोधतेय. ती वहीत उतरवून घेऊ लागली. संघपालनंही 'चेहऱ्यावर सूज' असं लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

मी प्रोजेक्टरची वायर ओढली.

"झाला तास."

"अर्धंच शिकवलं काऊन मॅडम?" संघपालनं दारात विचारलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगणार काय? तुझी मेलेली बहीण मागं बसून तुझ्यासाठी शोधतेय? लोक म्हणाले असते, बाईचं डोकं फिरलं.

"पुढच्या बुधवारी," मी म्हटलं.

तो गेला. मी टेबलावरचा फॉर्म ओढला, कारणाच्या जागी 'मृत्यू' लिहिलं आणि पाठवून दिला. संध्याकाळी खातं बंद झालं. त्यातले शोधही त्याच्यासोबत गेले.

मला मोकळं वाटलं. हेही खरंच सांगते.

दिवाळीच्या सुमारास संघपाल वर्गातच कोसळला. दोन्ही किडन्या जवळपास गेलेल्या. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने आधी आणलं असतं तर वेगळं होतं.

मी बुलढाण्याला दवाखान्यात गेले. कलाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या.

"मॅडम, मयुरी सपनात येते. रोज एकच म्हणते..."

"काय?"

"म्हणते, माय, मी मॅडमले सांगतलं होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय सांगतलं हो तिनं तुमाले?"

आत मशीन चालू होतं. त्याचा आवाज बाहेर येत होता.

"काही नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. डबा उघडून अर्धी भाकर माझ्यापुढे केली. मी ती खाल्ली.

संघपाल अजून आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो. बसस्टँडवर दिसला की हात करतो. कलाबाईंना मी अजून खरं सांगितलेलं नाही.