फाइल वापरात आहे

ही गोष्ट भर दुपारची आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. अशा गोष्टींना काळोख लागतो, अशी आपली एक समजूत असते. इथे काळोख नव्हता. खिडकीतून ऊन आत आलं होतं, खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं, आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक माणूस बाईंच्या घरी जुनी हार्ड डिस्क बसवायला आला होता. अर्ध्या तासाचं काम.

या माणसाला सगळी गल्ली ‘डॉक्टर’ म्हणायची. कोणाचाही कॉम्प्युटर बिघडला की तो आधी कॅबिनेटला कान लावायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा, पंखा अडकलाय की डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. आपल्या कानांचा त्याला भारी अभिमान. एकट्या बाई तेवढ्या त्याला डॉक्टर म्हणत नसत. त्यांनी त्याला शाळेत गणित शिकवलं होतं.

“तुला डॉक्टर म्हणायला माझी जीभ रेटत नाही,” दार उघडता उघडताच त्या म्हणाल्या. “तुझे पेपर मी तपासलेत.”

“चाळीस वर्षं झाली, बाई. आता तरी विसरा.”

“काय म्हणालास? या बाजूने बोल.”

त्यांचा उजवा कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता. डावाही चालला होता. महिनाअखेरपर्यंत टिकला तर टिकला, असं तपासणाऱ्याने स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून तर ही घाई.

बाईंनी कपाट उघडलं, कपड्यांच्या तळाशी हात घातला आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली डिस्क काढून त्याच्या हातात दिली. चांगली विटेएवढी जड. अकरा वर्षांपूर्वी भाच्याने जुना कॉम्प्युटर भंगारात टाकताना ही तेवढी काढून ठेवली होती.

“यांचा आवाज आहे त्यात,” त्या म्हणाल्या.

‘हे’ म्हणजे बाईंचे यजमान. बसडेपोत वेळा नोंदवण्यात त्यांची सगळी हयात गेली आणि निवृत्त झाल्यावर ते त्या काळातल्या आठवणी कॉम्प्युटरपुढे बसून रेकॉर्ड करायचे. त्या आठवणी कोणी मागितल्या नव्हत्या. कोणती बस किती मिनिटं उशिरा आली, ड्रायव्हर काय म्हणाला, आपण काय म्हणालो. झालेलं बोलणं मग मोठ्या आवाजात लावून स्वतःच ऐकत बसायचे.

“शेवटच्या दिवशी खोलीतून दोनदा हाक आली,” बाई खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. “अगं, ऐकलंस का? मी स्वयंपाकघरात होते. मला वाटलं, जुनंच काहीतरी लावून बसलेत. त्या रेकॉर्डिंगमध्येही मला हाका मारायचे ना, पाणी दे, चष्मा बघ. मी उठले नाही. थोड्या वेळाने चहा घेऊन गेले, तर मान टाकलेली.”

त्याने पिशवीतून पेचकस काढला.

“काय सांगायचं होतं रे त्यांना? मशीन तर चालूच होतं. पुढे काही बोलले असतील तर ते त्यात असेल. इतकी वर्षं धीर झाला नाही माझा. एकदा ऐकू दे. मग कान गेले तर गेले.”

त्याने कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला. आतली धूळ फुंकली, बाईंना शिंक आली. नव्या मशीनला इतक्या जुन्या डिस्कची रुंद पट्टीसारखी केबल बसत नाही, म्हणून त्याने मधे जोडणारा एक छोटा बोर्ड आणला होता. खाचेत डिस्क सरकवली, दोन्हीकडून स्क्रू पिळले. एक स्क्रू हातातून निसटला आणि टणटण करत टेबलाखाली गेला. “तुझी हातचे विसरायची सवय गेली नाही अजून,” बाई म्हणाल्या. तो हसला. पॉवरचा प्लग लावून त्याने बटण दाबलं आणि सवयीने कॅबिनेटला कान लावला.

डिस्क फिरली. गुंSS करत वेग घेतला. मग टक्... टक्... टक्. त्याला हा आवाज चांगला ठाऊक होता. डिस्क फार तर तासाभराची सोबती होती. त्यामुळे वाजवायच्या भानगडीत न पडता आधी सगळं उतरवून घ्यावं, असं त्याने ठरवलं.

तीनशे-साडेतीनशे फाइली सुरळीत उतरल्या. शेवटची मात्र अडकली. पडद्यावर चौकट आली: ही फाइल वापरात आहे. आधी ती बंद करा.

त्याने सगळं बंद केलं. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तीच चौकट. रेकॉर्डिंग चालू असताना फाइल उचलायला गेलं की असं होतं. पण ते रेकॉर्डिंग करणारा माणूस जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि डिस्क अभ्र्यात होती.

मग त्याने फाइलची लांबी पाहिली. शहाण्णव हजार तासांच्या वर. त्या डिस्कमध्ये आठवडाभराचं बोलणंही धड मावलं नसतं. आणि शेवटचे सेकंदाचे आकडे त्याच्या डोळ्यांदेखत पुढे सरकत होते.

“झालं का?” बाईंनी विचारलं.

“बघतो,” तो म्हणाला आणि हेडफोन आपल्या कानाला लावला.

आधी डेपो. भरदार, सावकाश आवाज. मधेच तो थांबला. “अगं... ऐकलंस का?” थोड्या वेळाने परत, जरा दमून, “अगं, ऐकलंस का?” मग खुर्ची करकरली. बऱ्याच वेळाने कपबशी फुटली, आणि बाई ओरडल्या. त्याने घाईने रेकॉर्डिंग पुढे ढकललं.

पुढे सगळं मऊ, बंद, कापडाच्या आतलं. डांबराच्या गोळ्यांचा वास एकदम नाकाशी आला. आणि त्या बंद जागेतून, अगदी जवळून... “अगं, ऐकलंस का?” त्याने आणखी वर्षभर पुढे नेलं. तीच हाक. आणखी पाच वर्षं. तीच. आवाज चढला नव्हता, चिडला नव्हता. नुसता वाट बघत होता.

शेवटाला नेलं तर एक स्क्रू टणटण करत पडला. “तुझी हातचे विसरायची सवय गेली नाही अजून,” बाईंचा आवाज म्हणाला.

प्लग ओढावा, डिस्क मेली म्हणून सांगावं आणि सरळ घर गाठावं, असं त्याच्या मनात आलं. पण बाई डावा कान पुढे करून बसल्या होत्या. शाळेत मागच्या बाकावरचं पोरगं पुटपुटलं की त्या अशाच वाकायच्या. त्याला फार वाईट वाटलं. त्याने रेकॉर्डिंग शेवटाशी तसंच चालू ठेवलं, हेडफोन हलकेच त्यांच्या कानांवर बसवला आणि आवाज पूर्ण वाढवला.

बाईंनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांशी दाबून धरला.

“ऐकतेय,” त्या म्हणाल्या. “बोला...”

खाली गाडी धुणाऱ्याने नळ बंद केला. डिस्कची टकटकही थांबली. बाईंनी दोनदा मान डोलवली आणि एकाएकी, डोळ्यांत पाणी असताना, त्या खुदकन हसल्या. हेडफोन काढून त्यांनी नीट टेबलावर ठेवला.

“चहा मागत होते रे,” त्या म्हणाल्या. “एवढंच. आणि मी चहाच घेऊन गेले होते.”

त्यांच्या मनावरचं केवढं ओझं उतरलं होतं, ते त्यांच्या उठण्यातच दिसलं. “बस तू. चहा टाकते.” त्या झपझप आत गेल्या.

पडद्यावरचे आकडे थांबले होते. त्याने फाइल उचलून पाहिली, आणि या वेळी ती निमूट उतरू लागली. तो पडद्यावरची रेघ भरताना बघत राहिला. आत भांडं वाजलं, पाण्याला आधण आलं, कपबश्या मांडल्या गेल्या.

“अहो... ऐकलंत का?”

बाईंचा आवाज. त्याने मान वळवली नाही. त्याला त्या ‘अरे’ म्हणत. हे ‘अहो’ यजमानांसाठी. म्हणजे रेकॉर्डिंगमधलंच काहीतरी जुनं वाजतंय, असं त्याला वाटलं.

“अहो, ऐकलंत का?” जरा दमून.

रेघ पूर्ण भरली. प्लेअर बंद करायला त्याने हात पुढे केला. प्लेअर केव्हाचा बंद होता. हेडफोनची पिन मशीनमध्ये तशीच खोचलेली होती, म्हणजे स्पीकरमधून आवाज येणं शक्यच नव्हतं.

तो धावला. बाई ओट्याशेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या, भिंतीला टेकून, चेहरा अगदी शांत. हाताला अजून ऊब होती. ओट्यावर तीन कप होते. दोन तळापर्यंत पिऊन संपवलेले. तिसरा भरलेला होता, आणि चहा गार होऊ नये म्हणून त्यावर बशी झाकलेली होती.

फोन करायला तो बाहेर आला तेव्हा पडद्यावर पुन्हा चौकट आली होती. फाइल वापरात आहे. त्याने भिंतीतला प्लग उपटला.

भाच्याला डिस्क नको होती. ती आता डॉक्टरच्या दुकानात वरच्या फळीवर आहे, त्याच अभ्र्यात. कशालाही जोडलेली नाही. ज्याने हजारो डिस्कना कान लावला, त्याने हिला पुन्हा कधी लावला नाही. तिसऱ्या कपाबद्दलही तो कधी कोणाशी बोलला नाही.

दुकान म्हणजे एकच खोली. फळीमागे भिंत, भिंतीपलीकडे रस्ता. तरी परवा एक नवं गिऱ्हाईक कीबोर्ड घ्यायला आलं आणि पैसे देता देता थांबलं.

“आत जाऊन या आधी,” तो माणूस सहज म्हणाला. “बाई कधीच्या हाक मारतायत. तुमचा चहा गार होतोय म्हणे.”